निर्व्यसनी तरुण वाद्यवृंद

हे लिहायला बसण्याआधी मी दोनदा उठून चूळ भरून आलो. बायकोने विचारलं, "काय चाललं तुमचं? काहून उठून राहिले सारखे?" म्हटलं, भाऊंबद्दल लिहायचं आहे. ती हसली नाही, आत निघून गेली. भाऊंसमोर तोंडात काही ठेवून बसायची सोय नव्हती. आता भाऊ नाहीत, तरी कागद पुढ्यात घेतला की वाटतं, समोरून ते म्हणतील, "हा कर."

भाऊ माझे सख्खे तर सोडाच, लांबचेही भाऊ नव्हते. नागपूरजवळ खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये ते आणि त्यांची आई, असे दोघेच राहायचे. सगळी कॉलनी त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही. ते कोळशाच्या विभागात फिटर होते. कोळसा वाहून नेणारा लांबलचक पट्टा अडला की वरून ओरडून खालच्या माणसाला सांगायचं, हे त्यांचं काम. बाजूला कोळसा फोडायचं यंत्र दिवसभर धडधडत असे आणि त्यावरून आवाज पोचवायचा असे. दहा वर्षं हे केल्यावर त्यांचा आवाजच तसा झाला. घरात आईला "मीठ दे वं" म्हणाले तरी समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडायची.

या माणसाने एक बँड काढला. लग्नात वाजतो तसला नव्हे, आणि गणपतीत सिनेमाची गाणी म्हणणारा ऑर्केस्ट्राही नव्हे. अडीच वर्षं तो चालला, आणि नंतर एका संध्याकाळी संपला. तो संपण्यात माझा हात होता. म्हणून हे लिहायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कॉलनीत दोन-तीन घरी रंगीत टीव्ही आले होते आणि पोरं नोकरीची वाट बघत पानठेल्यावर उभी राहत. मी त्यातलाच एक. माझा मित्र पऱ्या गिटार वाजवायचा, म्हणजे वाजवायचा प्रयत्न करायचा. त्याचा मामा जहाजावर होता. मामाने एकदा कुठल्याशा बंदरातून एक कॅसेट आणून दिली. तिच्यावर नाव नाही, गाव नाही. आम्ही ती आमच्या इमारतीच्या गच्चीवर लावली तेव्हा आधी वाटलं, टेप बिघडला. माणसं किंचाळत होती, ढोल धावत सुटला होता आणि गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपत होतं. आम्ही हसून लोळलो. तेवढ्यात ड्युटीवरून आलेले भाऊ जिना चढून वर आले. अंगभर कोळसा, हातात जेवणाचा डबा. दारात उभं राहून त्यांनी ती पूर्ण बाजू ऐकली.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

पुन्हा लावली. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणून राहिले हे?"

"समजत नाही ना भाऊ. इंग्रजी आहे, पण समजत नाही."

"मले समजलं," भाऊ म्हणाले. "हे लोक नाही म्हणून राहिले."

आता कुणाला नाही, कशाला नाही, हे त्या गाणाऱ्यांना ठाऊक. भाऊंच्या 'नाही'ची यादी मात्र अख्ख्या कॉलनीला पाठ होती. दारू नाही. बिडी-सिगारेट नाही. पान, सुपारी, तंबाखू नाही. खर्रा तर नाहीच. सुपारी, तंबाखू आणि चुना पुडीत घोळून घोळून केलेला तो चुरा गालात धरल्याशिवाय आमच्याकडे माणसाला माणूस समजत नाहीत, पण भाऊंनी तो कधी हातातही धरला नव्हता. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे चहासुद्धा नाही.

दारू न पिणाऱ्याला लोक चांगला म्हणतात. चहा न पिणाऱ्याला संशयाने बघतात. भाऊ कुणाकडे गेले की घरच्या बाईचं तोंड उतरायचं. आमच्याच घरी आई म्हणाली, "मंग दूध तरी घ्या." भाऊ म्हणाले, "दूध कपात नका देऊ काकू, चहा वाटते." आईने ते पितळी पेल्यात दिलं आणि ते गेल्यावर अर्धा तास बडबडत राहिली. कारण विचारलं तर भाऊ कधी सांगत नसत. कॉलनीने स्वतःच कारणं शोधून ठेवली होती. कुणी म्हणे बाप पिऊन मेला, कुणी म्हणे गुरू म्हणून कुणी महाराज केला, कुणी म्हणे पोटात अल्सर आहे. बाप तर धडधाकट सत्तर वर्षं जगून झोपेत गेला होता. मी एकदा फारच मागे लागलो तेव्हा भाऊ म्हणाले, "लोकायले कारण लागते गा. मले नाही लागत."

तर बँड. गिटार पऱ्याची. ढोलांवर मी. बंद पडलेल्या एका बँडपथकाचा ताशा, आडवा टाकलेला एक ढोल आणि झांजेऐवजी आईची पितळी परात, असा माझा संसार. जाड तारांची गिटार सुधीर वाजवायचा. सुधीर आमच्या ओळीतला, शांत, बोटांना घाम येणारा मुलगा. ती गिटार त्याने नागपूरला सीताबर्डीच्या एका वाद्यांच्या दुकानातून आणली होती आणि ती खांद्याला लावली की तो अर्धी वीत उंच दिसायचा. गाणारे भाऊ. आवाजाची यंत्रं लग्नात भोंगे लावणाऱ्या मांडववाल्याची. सराव रेशन दुकानामागच्या रिकाम्या गोदामात, संध्याकाळी, दिवसपाळी सुटल्याचा भोंगा झाल्यावर.

जागा मिळावी म्हणून कॉलनीच्या कल्याण अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा होता. अर्जात मंडळाचं नाव लागतं. पऱ्याने झणझणीत इंग्रजी नावं सुचवली. भाऊंनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'निर्व्यसनी तरुण वाद्यवृंद, खापरखेडा'. साहेबांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, अशी तरुण मुलं आजकाल कुठे आहेत! गोदामाची किल्ली त्याच दिवशी मिळाली. पुढे साहेबांनी आमचं गाणं ऐकलं, पण तोवर किल्ली आमच्याकडे होती.

सरावाआधी हजेरी असायची. हजेरी म्हणजे नाव पुकारणं नव्हे. चौघांनी गोल उभं राहायचं. प्रत्येकाने डाव्या हाताच्या माणसाच्या तोंडावर मोठ्याने "हा" करून श्वास सोडायचा, आणि त्याने हुंगून सांगायचं, "साफ." भाऊ माझ्यावर, मी सुधीरवर, सुधीर पऱ्यावर आणि पऱ्या भाऊंवर. चार वेळा 'साफ' झालं की भाऊ खिशातून भाजलेले शेंगदाणे काढून प्रत्येकाच्या हातावर मूठभर ठेवायचे. ते चावून संपले की वाजवायला सुरुवात. पहिल्या दिवशी हसू आवरेना. पऱ्याने तर मुद्दाम लसूण खाल्ला. भाऊंनी हुंगलं, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "साफ. पण उद्या खाऊ नको."

नियम एकच होता, आणि तो भाऊंनी गोदामाच्या भिंतीवर कोळशाने लिहिला होता: एकदा म्हणजे एकदा. म्हणजे एकदा चुकला तो कायमचा बाहेर. सबब नाही, माफी नाही. आम्ही विशीत होतो आणि त्या वयात असल्या नियमाची नशा चढते. पानठेल्यावरची पोरं "या, एक घास मारा" म्हणून चिडवायची आणि आम्ही छाती काढून पुढे जायचो. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

गाणी आमचीच असत. भाऊ ती पट्ट्याजवळ उभे असताना जुळवायचे. दीड मिनिटाच्या वर एकही नव्हतं. "जे दीड मिनिटात सांगता येत नाही ते माणसाले ठाऊकच नसते," असं त्यांचं म्हणणं. एक गाणं होतं 'भोंगा', त्यात फक्त भोंगा वाजायच्या वेळा होत्या. एक होतं 'थुंक'. त्याचे शब्द, "थुंक! थुंक! आधी थुंक, मंग बोल!" आणि शेवटचं असायचं 'मले नको'. भाऊ ओरडायचे, "बिडी?" आम्ही तिघं, "मले नको!" "पुडी?" "मले नको!" "बाटली?" "मले नको!" मग मी हात उचलायचो, पळभर सगळं थांबायचं, आणि सगळ्यात वरच्या पट्टीत भाऊ, "चहा?" मग परात फुटेल असा ठोका, "मले नको!" नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. तिच्यामागे लोक रोगराईपासून महागाईपर्यंत सगळ्याला घेऊन जा म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतात. भाऊ दरवर्षी ती बघायला जायचे. त्या जहाजावरच्या कॅसेटशी त्यांचं एवढं कसं जुळलं, याचं उत्तर बहुधा तिथे आहे.

खूप वर्षांनी मला कुणीतरी सांगितलं की त्याच काळात अमेरिकेतही अशी पोरं होती. असंच ओरडून गाणारी, दारू-सिगारेटला हात न लावणारी, खूण म्हणून हातावर फुली काढणारी. भाऊंना हे सांगायचं राहून गेलं. त्यांनी एकच विचारलं असतं, "अन् चहा?"

पहिला कार्यक्रम मिळाला तो नावामुळे. कॉलनीत व्यसनमुक्तीचा सप्ताह होता. आयोजकांनी फलकावर आमचं नाव लिहिलं आणि पुढच्या रांगेत महिला मंडळाला बसवलं. सगळ्यांची समजूत, भजनं होणार. भाऊ खाकी गणवेशात आले, कारण दुसरा सदरा त्यांना आवडत नसे. 'थुंक' सुरू झालं तेव्हा अध्यक्षांच्या हातातून हार पडला. तिसऱ्या गाण्याला कुणीतरी वीज बंद केली. गिटारी मुक्या झाल्या, पण माझा ढोल आणि भाऊंचा गळा यांना वीज लागत नव्हती. 'मले नको' आम्ही तसंच म्हटलं. मागे उभी असलेली पाळीवरची पोरं, जी फुकटच्या पंख्यासाठी आली होती, त्यांनी चौथ्या ओळीपासून आमच्यासोबत ओरडायला सुरुवात केली. बाहेर आलो तर माझी आई म्हणाली, "परात दे माही." तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना ती "मले नको" गुणगुणत होती.

मग बोलावणी यायला लागली. नागपूरच्या वेशीवरच्या वाडीला ट्रकवाल्यांनी विश्वकर्मापूजेला बोलावलं. ट्रान्सपोर्टच्या गोदामासमोर दोनशे ड्रायव्हर-क्लीनर, अर्ध्यांच्या हातात बाटल्या. भाऊ ओरडले, "बाटली?" आणि त्या दोनशे लोकांनी बाटल्या वर करून गर्जना केली, "मले नको!" पऱ्या हसून हसून वाकला. परतताना ट्रकच्या हौद्यात मी भाऊंना म्हणालो, "भाऊ, त्यायनं तर आपली मजाच केली." भाऊ शेंगदाणे सोलत होते. म्हणाले, "तोंडातून तर निघालं ना? एखाद्याच्या कानात वापस जाईन." मला वाटतं, त्या हौद्यात, गार वाऱ्यात, चौघं एकमेकांना टेकून बसलेलो असताना, मी जितका सुखी होतो तितका नंतर झालो नाही.

सुधीर बाहेर गेला तो त्याच्या बहिणीच्या लग्नात. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. सुधीरने पिळला. सगळे हसले आणि मुलाच्या मामाने लाडाने विडा उचलून सरळ सुधीरच्या तोंडात कोंबला. वरपक्षाचा मामा, समोर शंभर पाहुणे, बाजूला बहीण हात जोडून बघते आहे. थुंकायचा कुठे? सुधीरने तो चावला. संध्याकाळी तो गोदामात आला तेव्हा ओठ लाल होते. हजेरीची वेळ आली. त्याने 'हा' केलंच नाही.

"मीच सांगतो," तो म्हणाला. "विडा खाल्ला. मामानं टाकला तोंडात."

आम्ही भाऊंकडे बघितलं. भाऊ भिंतीकडे बघत होते. "एकदा म्हणजे एकदा," ते म्हणाले.

"भाऊ, बहिणीचं लगन होतं."

"मालूम आहे."

सुधीरने ती जाड तारांची गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि गेला. मी काही बोललो नाही. पऱ्या बोलला नाही. नियम आमचाही होता ना. त्या दिवशी भाऊंनी आमच्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि आपली मूठ तशीच खिशात परत नेली. गिटार तिथेच राहिली. ती कुणी उचलली नाही, तिच्यावरचा कोळशाचा थर तेवढा वाढत गेला. आता आम्ही तिघं उरलो होतो. गोल लहान झाला आणि हजेरीचा क्रम बदलला. भाऊ अजून माझ्यावरच 'हा' करायचे, मी पऱ्यावर, पऱ्या भाऊंवर.

तिघांतही आम्ही चांगले वाजत होतो. त्या हिवाळ्यात सीताबर्डीच्या एका कॉलेजने स्नेहसंमेलनात बोलावलं. तिथल्याच एका कॅसेटच्या दुकानदाराने आम्हाला वाडीत ऐकलं होतं. तो म्हणाला, मी यंत्र घेऊन येतो, कार्यक्रम भरून घेतो आणि कॅसेट काढतो. कॅसेट! नाव छापलेली, दुकानात टांगलेली. पऱ्या आणि मी महिनाभर दुसरं काही बोललो नाही. मी नोकरीचे दोन अर्जही पाठवले नाहीत. भाऊसुद्धा पहिल्यांदा थोडे बावरले होते. मला विचारायचे, "लोक घरी लावतीन का गा हे?"

कार्यक्रम रविवारी दुपारचा. त्याच दिवशी सकाळी भाऊंच्या आईने त्यांना ओढत सावनेरला नेलं, मुलगी बघायला. भाऊ पस्तिशीला आले होते आणि आईने देवासमोर अन्न सोडायची धमकी दिली होती. ते तिकडून परस्पर एसटीने सीताबर्डीला आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. इतक्या दिवसांत भाऊंना खाकीशिवाय मी प्रथमच बघत होतो. पऱ्या म्हणाला, "काय भाऊ, पसंत पडली का?" भाऊ म्हणाले, "हजेरी घ्या."

रंगमंचाच्या मागच्या वर्गात, बाकांच्या मधे आम्ही उभे राहिलो. बाहेर पोरांचा गोंगाट. दुकानदार खांबाला माइक बांधत होता. भाऊंनी माझ्याकडे तोंड केलं आणि श्वास सोडला.

आलं. वेलची. दूध. चहा होता, आणि चांगला उकळलेला होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, डोळे न हलवता, जसे रोज बघत तसेच. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते आजही आठवतं. सुधीरचे लाल ओठ आले, भिंतीवरचं कोळशाचं अक्षर आलं, आणि दुकानात टांगलेली कॅसेट आली. खरं बोललो तर आत्ता, इथेच सगळं संपतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"साफ," मी म्हणालो.

"नीट पाह्य," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा श्वास सोडला.

"साफ, भाऊ."

त्यांनी मान हलवली. मी पऱ्यावर 'हा' केलं. पऱ्या म्हणाला, साफ. पऱ्याने भाऊंवर केलं. भाऊ म्हणाले, साफ. माझं तोंड खरोखरच साफ होतं, घाण होतं ते फक्त माझं बोलणं. शेंगदाण्यांसाठी भाऊंनी खिशात हात घातला, पण नवा सदरा, त्यात शेंगदाणे नव्हते.

तसं गाणं भाऊ कधी गायले नव्हते. पहिल्या ओळीपासून पोरं उभी. 'भोंगा' तीनदा म्हणावं लागलं. यंत्राजवळ बसलेला दुकानदार अंगठा वर करून दाखवत होता. शेवटी 'मले नको'. "बिडी?" सगळं सभागृह, "मले नको!" "पुडी?" "मले नको!" "बाटली?" "मले नको!" मी हात उचलला. आता चहा. सगळं थांबलं.

भाऊ काही बोलले नाहीत.

मी वाट बघितली. पऱ्याने मागे वळून बघितलं. भाऊ माइकसमोर तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे होते.  मी ढोलावर हळू ठोके धरले. एक, दोन, तीन... बारा मोजले. सभागृहाला वाटलं, ही काहीतरी नवी करामत आहे. मग मागून कुणीतरी पोराने स्वतःच हाक दिली, "चहा?" आणि छप्पर उडेल असा प्रतिसाद आला, "मले नको!" टाळ्या, शिट्ट्या. भाऊंनी माइक खाली ठेवला, अगदी हळू, लहान मूल झोपवावं तसा, आणि ते मागच्या दाराने बाहेर गेले.

ते सायकल ठेवायच्या जागी, एका दगडावर बसले होते. ऊन उतरत होतं. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"तू खोटं बोलला," ते म्हणाले.

"हाव."

"काहून?"

"बँड राहावा म्हणून."

भाऊंनी वर बघितलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "मंग? राहिला का?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. मी तिथेच मांडी घालून बसलो. मग भाऊ आपणहून बोलायला लागले, आणि कारण कधी न सांगणाऱ्या या माणसाने मला त्या दिवशी एकदाच कारण सांगितलं. मुलीला आधी तीन ठिकाणांहून नकार आला होता. ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा कप वाजत होते, एवढा तिचा हात थरथरत होता. "सगळे माह्याकडं पाहून राहिले होते," भाऊ म्हणाले. "मी 'मले नको' म्हटलं असतं तर ते चहाले लागलं नसतं गा, तिले लागलं असतं. मंग मी घेतला. अन् पिता पिता मले सुध्या दिसला. त्यानंही असाच खाल्ला असन तो विडा. त्याले मी एका शब्दानं बाहेर काढलं. अन् मले तू साफ म्हणतो?"

"मंग नियम बदला ना भाऊ. सुध्याले वापस बोलावू."

"नियम बदलता येते," ते म्हणाले. "हजेरी बदलता येत नाही. मले आता तुह्या 'साफ'वर इश्वास नाही, अन् तुलेही माह्यावर ठेवता येत नाही. तू हुंगलं तेव्हा मीच बोलायले पाहिजे होतं. सुध्या बोलला होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जाड तारांची गिटार स्वच्छ पुसली, सायकलला बांधली आणि सुधीरच्या घरी नेऊन दिली. तासभर आत होते. दोघांत काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. सुधीर पुढे नोकरीला चंद्रपूरकडे गेला, गिटार सोबत घेऊन. भाऊंनी भिंतीवरचं अक्षर ओल्या फडक्याने पुसलं, किल्ली साहेबांना परत केली. दुकानदाराला सांगितलं, "कॅसेट काढू नका, त्यात एक गोष्ट खरी नाही." तो हळहळला, पण ऐकलं त्याने. एक प्रत तेवढी मला दिली. ती मी इतकी वाजवली की फीत विरली. शेवटी शेवटी गाणी ऐकूच येत नसत. ऐकू यायची ती 'चहा'च्या जागची शांतता आणि तिच्याखाली माझे बारा ठोके.

भाऊंचं लग्न उन्हाळ्यात झालं, त्याच मुलीशी. मी गेलो नाही. लाज वाटत होती. पऱ्या सीताबर्डीच्या एका ऑर्केस्ट्रात शिरला आणि सिनेमाची गाणी वाजवू लागला, छान वाजवायचा. मला वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकुनी मिळाली. तिथे ट्रकची वाट बघणं हेच काम, आणि वाट बघताना शेजारचा माणूस पुडी पुढे करतो. पहिल्या महिन्यात मी "मले नको" म्हटलं. एकट्याने म्हटलेलं ते फार बारीक ऐकू येतं, मागे तिघं नसले की. दुसऱ्या महिन्यात मी ती घेतली.

सहा-सात वर्षांनी आमच्या एका ट्रकसोबत मला खापरखेड्याला जावं लागलं. काम आटोपलं. तसाच परत फिरणार होतो, पण पाय कॉलनीकडे वळले. भाऊ त्याच क्वार्टरमध्ये होते. फाटकाजवळच्या नळावर मी खर्रा थुंकलो, बोटाने दात घासले, चार चुळा भरल्या, वरून बडीशेप खाल्ली. तिशीतला बाप्या, आणि तळहातावर श्वास सोडून स्वतःच हुंगून पाहिला.

भाऊंनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "ये गा," म्हणाले, आणि समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडली. काही वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. वहिनी बाहेर आल्या, ट्रेमध्ये चहाचा एक कप, पाण्याचा एक पेला आणि शेंगदाण्याची एक वाटी. कप माझ्यापुढे आणि पाणी भाऊंपुढे.

"अजूनही नाही घेत?" मी विचारलं.

"कुठचं घेतात!" वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी एक कप पेले माह्या हातचा, अन् मंग आजवर नाही. मी तर अजून विचारून राहिली, एवढा वाईट झाला होता का वो?"

"चांगला होता," भाऊ म्हणाले. "म्हणूनच आठवते." वहिनी पदराने तोंड पुसत आत गेल्या. त्यांच्या चालण्यात ती थरथर आता कुठेही नव्हती.

मी चहा घेतला. कप खाली ठेवला तेव्हा भाऊ माझ्याकडे बघत होते. डोळे न हलवता, तसेच. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"हा कर," ते म्हणाले.

माझे दात तांबडे होते. गालाच्या आत कातडी सोललेली होती. बडीशेप आणि चहा यांच्याखालून तो वास मला स्वतःलाच येत होता. नाही म्हणता आलं असतं, पण मला ते म्हणायचं नव्हतं. सात वर्षं कुणी मला "हा कर" म्हटलं नव्हतं. मी पुढे झुकलो आणि श्वास सोडला.

भाऊंनी डोळे मिटले. नीट हुंगलं, घाई न करता. मग डोळे उघडले.

"साफ," ते म्हणाले.

 या माणसाने आयुष्यात कधी... मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही खोटं बोलले."

"हाव."

"काहून?"

"बँड राहावा म्हणून," भाऊ म्हणाले, आणि शेंगदाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.